माझ्या अक्षरातली नोटीस

समन्स घेऊन हवालदार वर्कशॉपच्या दारात उभा राहिला, तेव्हा मी मुलांना कानस कशी धरायची ते दाखवत होतो. आयटीआयमध्ये मी जोडारीचा, म्हणजे फिटर ट्रेडचा, निदेशक आहे. दारात खाकी दिसली की मुलं एकमेकांकडे बघतात, कारण वर्षातून एकदा तरी कोणाची ना कोणाची दुचाकीवरून भानगड झालेली असते. मीही सवयीने मुलांकडेच बघितलं. हवालदार म्हणाला, "सर, तुमचंच हाय. घ्या सही करून." कागदावर माझं नाव, हुद्दा आणि पुढे 'पंच क्रमांक एक' असं लिहिलेलं होतं. मी सही केली आणि परत कानस हातात घेतली, पण मुलांना काय सांगत होतो ते काही केल्या आठवेना.

मी भित्रा माणूस आहे. आमच्या घरात झुरळ मारायलासुद्धा बायकोलाच बोलावतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी तर त्या रस्त्याने जायचं असलं तरी पलीकडच्या बाजूने जायचो. पण आजवरच्या सगळ्या भीत्या उगाचच्या होत्या. या वेळी भ्यायला कारण होतं, आणि ते कारण मीच स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलेलं होतं.

माझं अक्षर चांगलं आहे. यात नम्रपणा करण्यासारखं काही नाही, सगळे म्हणतात. आयटीआयमधल्या सूचनांच्या पाट्या, निरोप समारंभाची प्रमाणपत्रं, गणपतीची वर्गणी देणाऱ्यांची यादी, सगळं माझ्याकडेच येतं. पंचवीस वर्षं मुलांचे हात सरळ करताना माझा स्वतःचा हात फक्त कौतुकाला सवकला होता.

साडेतीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मोठ्या गुन्ह्यात पंच म्हणून सरकारी नोकर घ्यायचे अशी आता पद्धत आहे. रस्त्यावरचा माणूस धरून आणला तर तो पुढे कोर्टात फिरतो, आणि सरकारी माणूस नोकरीच्या धाकाने फिरत नाही, असा त्यामागचा विचार. त्यामुळे निवडणुकीच्या ड्यूटीसारखी आमच्याकडे पंचाचीही पाळी लागते. त्या दिवशी माझी पाळी होती. दुपारचं जेवण उरकतंय तोवर पोलिसांची गाडी आली. कुठल्या ठाण्याची ते लिहीत नाही. गाडीत आधीच पाटबंधारे खात्यातले एक कारकून बसलेले होते, ते पंच क्रमांक दोन. ते नंतर वारले. म्हणजे त्या दुपारचा साक्षीदार म्हणून मी एकटाच उरलो.

गाडी कुरुळीच्या अलीकडे एका आडरस्त्याला, वजनकाट्याच्या मागे थांबली. तिथे एक टेम्पो उभा होता आणि टेम्पोला टेकून एक माणूस. चाळिशीचा, बारीक, कंपन्यांचा माल पोचवणारा ड्रायव्हर. बोलण्यावरून मराठवाड्याकडचा वाटत होता. चार पोलीस त्याच्याभोवती होते. आम्ही उतरताच त्यांचे साहेब म्हणाले, "पंच आले. घ्या झडती." एकाने त्याच्या पँटच्या उजव्या खिशात हात घातला आणि प्लास्टिकची पिशवी बाहेर काढली. आत पांढरी पूड. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुडी कोणी आणून ठेवलेली नव्हती, आधी काढून पुन्हा घातलेली नव्हती. त्याच्याच खिशातून निघाली. छोट्या काट्यावर वजन झालं, लाखेचं सील लागलं, चिठ्ठीवर आम्ही सह्या केल्या.

मला त्या वेळी भीती नव्हती, राग होता. महिन्याभरापूर्वीच माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या एकाची दोन बोटं कंपनीतल्या पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली होती. सलग दोन शिफ्ट मारायच्या म्हणून तो हीच असली पूड घ्यायचा, असं त्याच्या आईनेच आमच्या घरी येऊन रडत सांगितलं होतं. जोडाऱ्याची बोटं गेली म्हणजे काय गेलं ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यामुळे टेम्पोला टेकलेल्या त्या माणसाकडे बघून मला वाटलं, सापडलास बेट्या.

पुढचं सगळं ठाण्यात झालं. पंचनामा लॅपटॉपवर टाइप झाला, आणि नेमका प्रिंटर अडला. तो सुरू होईपर्यंत साहेबांच्या लक्षात आलं की आरोपीला द्यायची नोटीस राहिलीच आहे. त्यांच्या हाताखालच्या लेखनिकाचं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं होतं. साहेबांनी सीलच्या चिठ्ठीवरची माझी सही बघितली आणि म्हणाले, "वा सर, काय अक्षर आहे. मोत्याचे दाणे. तेवढ्या चार ओळी तुम्हीच लिहून द्या ना."

मी लिहिल्या. साहेब सांगत गेले. तुमची अंगझडती घ्यायची आहे. ती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी असं वाटत असेल तर तसा तुम्हाला हक्क आहे. खाली आरोपीचं उत्तर: मला माझा हक्क समजावून सांगितला आहे, मला तशी झडती नको, पोलिसांनी झडती घेण्यास माझी हरकत नाही. "वेळ टाका तीन दहा," साहेब म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच वाजत आले होते आणि झडती होऊन दोन तास उलटले होते. मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं. पण मी तेव्हा ओळी सरळ येतायत ना ते बघत होतो, आणि तोंडासमोर चहा आलेला होता.

कागद त्या माणसापुढे सरकवला गेला. त्याने तो उलटा धरला, मग सुलटा केला. साहेब फोनवर होते. खोलीत 'सर' म्हणावं असा त्याला बहुतेक मीच दिसलो. तो मला म्हणाला, "सर, काय लिव्हलंय ह्यात?"

मी म्हटलं, "नेहमीचंच आहे. कर सही."

त्याने एकेक अक्षर जोडत सही केली. मी मास्तर आहे, मला अशी सही ओळखता येते. ज्याला नाव लिहिता येतं आणि नावापुढे काही वाचता येत नाही, त्याची सही होती ती.

प्रिंटर सुरू झाल्यावर निघालेल्या पंचनाम्यावर मीही सही केली आणि ही गोष्ट विसरून गेलो. खोटं कशाला बोलू, अधूनमधून चारचौघांत सांगायचोसुद्धा की अमक्या केसमध्ये मी पंच आहे. तो माणूस मात्र त्या दिवसापासून आत होता. अमली पदार्थांच्या या कायद्यात माल जास्त निघाला की जामीन जवळपास मिळतच नाही.

समन्स आल्यावर मी बायकोच्या भावाला बोलावून घेतलं. तो वकील आहे, पण जमिनीचा. खरेदीखत, बक्षीसपत्र, हद्दीची भांडणं. रविवारी सकाळी तो पिंपळे गुरवला आमच्या घरी आला. पोह्याची पहिली प्लेट होईपर्यंत मी त्याला सगळं सांगितलं. नोटीस मी लिहिली, झडतीनंतर लिहिली, त्याला वाचून दाखवली नाही. तो खात खात ऐकत होता, एकदम थांबला.

"पुडी खिशातून निघाली की टेम्पोतून?"

"खिशातून."

"मग अवघड आहे," तो म्हणाला आणि लिंबू मागितलं. मला त्या लिंबाचा राग आला.

त्याला बोलायची हौस दांडगी, आणि त्या दिवशी श्रोता पळून जाण्याच्या स्थितीत नव्हता. तो म्हणाला, "दाजी, जगात या बाबतीत एक रीत नाही. अमेरिकेत पोलिसांनी आडमार्गाने पुरावा आणला तर कोर्ट सहसा तो घेतच नाही. खरा असला तरी नाही. पोलिसांना धडा मिळावा म्हणून. इंग्लंडात न्यायाधीश बघतो, हा पुरावा घेतला तर खटला न्यायाचा राहील का, आणि मग ठरवतो. जर्मनीत तागडी लावतात, एका बाजूला गुन्हा केवढा, दुसऱ्या बाजूला हक्क केवढा मोडला."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे पुरावा कुठल्या दाराने आला ते सहसा विचारत नाहीत. खरा आहे का, कामाचा आहे का, एवढंच. बेकायदा झडतीत सापडलेला मालही चालतो."

माझा जीव भांड्यात पडला. सुंठीवाचून खोकला गेला असं वाटून मी पोह्याला हात घातला.

"पण हा कायदा वेगळा," तो म्हणाला. "यात एवढ्या मालाला शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते, म्हणून अंगझडतीला अट घातलीय. माणसाच्या अंगावरची झडती घ्यायची तर आधी त्याला हक्क सांगायचा. नाही सांगितला, तर त्या झडतीत निघालेला माल त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. तुमच्या केसमध्ये दुसरं काय आहे? ती पुडीच आहे. ती गेली की तो सुटला."

"म्हणजे मी खरं सांगितलं तर तो सुटणार?"

"सुटणार. आणि तुम्ही अडकणार. खोटा कागद तयार केला म्हणून. शिवाय सरकारी पंच फितूर झाला की खात्याची चौकशी वेगळी."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग त्याला दहा वर्षं. आणि तुमचं अक्षर एखाद्याने ओळखलं, तर शपथेवर खोटं बोलल्याचं वर आणखी." त्याने प्लेट पुढे केली. "ताई, आहेत का अजून?"

इकडे आड तिकडे विहीर असं लोक सहज म्हणतात. मला त्या दिवशी दोन्हींचं पाणी दिसत होतं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. भाऊ गेल्यावर म्हणाली, "तो विकत होता ना?"

"पुडी त्याच्याकडे होती."

"म्हणजे विकतच होता. मग बसू दे की दहा वर्षं. त्या पोराची बोटं आठवा. तुम्ही गप जा आणि कागदावर जे आहे ते सांगून या."

तिचं चुकत होतं असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. मलाही तो आतच राहायला हवा होता. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. मी मुलांना पहिल्या सहा महिन्यांत शिकवतो: मापाच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे ते बरोबर दाखवतं का या तपासणीची, मुदत उलटून गेलेली असेल, तर जॉब, म्हणजे घडवलेला भाग, बरोबर असला तरी रिपोर्ट रद्द. चाकणच्या कुठल्याही कंपनीत तपासणीला आलेला माणूस आधी मापाचं स्टिकर बघतो, मग जॉब. मुलं दर वर्षी विचारतात, पण सर, जॉब तर बरोबर आहे ना? आणि मी दर वर्षी सांगतो, आज बरोबर आहे, उद्या याच मापाने चुकीचा जॉबही पास करशील. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मला ते ऐकूही येत नाही. त्या आठवड्यात ऐकू येत होतं.

तारखेला बारा दिवस होते. ते मी कसे काढले ते बायकोला विचारा. संध्याकाळी घरी येताना मोशीपासून एक दुचाकी रोज माझ्या मागे असायची. आरोपीचीच माणसं, असं ठरवून मी एक दिवस घाबरून मेडिकलच्या दुकानात शिरलो. दुचाकीवाला मागोमाग आत आला आणि म्हणाला, "काय सर, तब्येत बरी नाही का?" आमच्याच सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा. मी उगाच खोकल्याचं औषध विकत घेतलं. फोनवर अनोळखी नंबर आला की पाचावर धारण बसायची. एकदा बँकेचा होता, मी त्या मुलीला तीन वेळा "मी काही केलेलं नाही" म्हणालो.

राजगुरुनगरच्या रस्त्याने सकाळी कोर्टात पोचलो, तर साहेब आधीच आलेले. त्यांची बदली झाली होती, केस कापून तरुण दिसत होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, रिटायरला किती राहिली?"

"सहा वर्षं."

"झालं तर मग. सहा वर्षं आरामात जाऊ द्या." हात खांद्यावरून निघाला नाही. त्यांचा आवाज अगदी प्रेमळ होता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

सरकारी वकील घाईत होते. मला पंचनाम्याची प्रत देऊन म्हणाले, "वाचून घ्या, आणि असंच सांगा." मी चाचरत विचारलं, "त्या नोटिशीबद्दल समोरचे विचारतील का?" ते हसले. "त्याला वकील मोफत मिळालेला आहे. नोटीस कुठल्या पानावर आहे तेही त्याला माहीत नसेल."

तसंच झालं. पिंजऱ्यात उभा राहून मी ईश्वराची शपथ घेतली. न्यायाधीश बाई होत्या, वयाने माझ्याहून लहान, सर्दीने बेजार, शेजारी गरम पाण्याचा थर्मास. मागच्या बाकावर दोन पोलिसांच्या मध्ये तो बसलेला होता. मी ओळखलं नसतं. साडेतीन वर्षांत केस पांढरे झाले होते. त्याने मात्र मला ओळखलं आणि बसल्या बसल्या मान हलवली, मास्तर रस्त्यात भेटल्यावर हलवतात तशी.

सरकारी वकिलांनी विचारलं, मी उत्तरं दिली. गाडी, वजनकाटा, टेम्पो, खिसा, पुडी, सील. सगळं खरं होतं म्हणून आवाज बरा निघत होता. मग त्यांनी फाइलमधला एक कागद माझ्यापुढे धरला. माझं अक्षर. साडेतीन वर्षांनीही ओळी सरळ.

"ही नोटीस झडतीपूर्वी आरोपीला तुमच्यासमोर दिली, वाचून दाखवली आणि त्याने समजून सही केली?"

"होय," मी म्हणालो. इतकं सोपं होतं ते. तोंडातून निघून गेलं आणि छप्पर काही कोसळलं नाही.

आरोपीचा वकील उठला. त्याने विचारलं, वजनकाटा रस्त्याच्या कोणत्या बाजूला होता, ऊन होतं की ढग होते, मी चष्मा लावला होता का. नोटिशीचा कागद त्याने हातात घेतला, मी कठडा धरला. त्याने तो उलटसुलट बघून खाली ठेवला. "बाकी काही नाही, मॅडम."

मी सुटलो होतो. कठड्यावरचा हात काढून मी उतरायला निघालो, तेवढ्यात शिपायाने मला थांबवलं. साक्ष टाइप होऊन आली होती, ती वाचून सही करायची होती. मी वाचू लागलो. 'झडतीपूर्वी आरोपीस लेखी नोटीस देण्यात आली. ती त्यास वाचून दाखवण्यात आली. त्याने ती समजून घेऊन सही केली. हे सर्व मी प्रत्यक्ष पाहिले.' खाली माझ्या सहीसाठी जागा. मी पेन उघडलं आणि वर बघितलं. न्यायाधीश बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. एकदा त्यांनी फाइलमध्ये बघितलं, पुन्हा माझ्या हाताकडे.

त्यांना कळलंय. सही केली की अक्षर जुळणार, आणि मग त्या विचारणार.

"मॅडम," मी म्हणालो, "ती नोटीस मी लिहिलीय."

मला वाटलं, ऐकू गेलं नाही, म्हणून मी मोठ्याने बोललो आणि मग थांबताच येईना. "माझं अक्षर आहे. झडतीनंतर लिहिली. ठाण्यात. दोन तासांनी. तीन दहा वेळ मला टाकायला सांगितली. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. त्याने मला विचारलं यात काय आहे, मी म्हटलं नेहमीचंच."

आज मागे वळून बघताना मला वाटतं, बाईंना काहीही कळलेलं नव्हतं. डोळ्यांत पाणी येत होतं म्हणून त्या चष्म्यावरून बघत होत्या. हात दाखवून अवलक्षण ते याला म्हणतात. पुढे एकदोन लोकांनी मला धाडसी म्हटलं, तेव्हा मी गप्प बसलो. धाडस वगैरे काही नव्हतं. माझी तंतरली होती, एवढंच.

मग जे व्हायचं ते झालं. सरकारी वकिलांनी मला फितूर घोषित करायची परवानगी मागितली आणि माझ्यावरच उलट प्रश्न सुरू केले. आरोपीकडचं कोण भेटलं? कोणीच नाही. मग सत्य आजच कसं आठवलं?

"भीती वाटली," मी म्हणालो.

"कोणाची?"

"पुन्हा सही करायची."

बाईंनी ते टाइप करायला सांगितलं नाही. मी तीनदा म्हणालो की पुडी त्याच्याच खिशातून निघाली, मी स्वतः पाहिली, त्यात खोटं काही नाही. सरकारी वकील दमून म्हणाले, "ते आता तुम्ही कितीही सांगा." आरोपीचा वकील एव्हाना खडबडून जागा झाला होता. त्याने चार प्रश्न विचारले आणि चारही नेमके विचारले.

बाहेर साहेब जिन्यापाशी उभे होते. या वेळी त्यांनी खांद्यावर हात ठेवला नाही. "सर, लई मोठं काम केलंत," एवढंच म्हणाले आणि जिना उतरले. ते वाक्य मला अजून अधूनमधून पहाटे जागं करतं.

महिन्याभरात खात्याची कारणे दाखवा नोटीस आली. तिचा खुलासा मी टाइप करून दिला. बायको आठ दिवस कामापुरती बोलली. नवव्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या पोराची आई भाजीला भेटते मला. तिला काय सांगू, यांच्यामुळे तो सुटणार म्हणून?" मी तवा उतरवायला फडकं दिलं.

निकालाच्या दिवशी मला कोणी बोलावलं नव्हतं. तरी मी रजा टाकून गेलो आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसलो. बाईंनी निकालातला शेवटचा भाग हळू आवाजात वाचला. झडतीपूर्वी हक्काची माहिती दिल्याचं सिद्ध होत नाही, सबब त्या झडतीतला मुद्देमाल पुरावा म्हणून विचारात घेता येत नाही, आरोपी निर्दोष. एवढ्यात संपलं. लगेच पुढच्या केसचा पुकारा झाला, आरोपीचा वकील दुसऱ्या कोर्टात पळाला, आणि सोबतच्या पोलिसांनी आरोपीला कागदपत्रांसाठी भिंतीकडे, नेमकं माझ्या बाकाशेजारी आणून उभं केलं.

तो सरळ समोर बघत उभा होता, शिक्षा ऐकलेल्या माणसासारखा. मग त्याला मी दिसलो. थोडा वाकून म्हणाला, "सर, किती वर्षं पडली?"

त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी आधी पोलिसांकडे बघितलं, ते कारकुनाशी बोलत होते. मी म्हटलं, "पडली नाहीत. सुटलास."

"कसा काय?"

"त्या दिवशी झडतीच्या आधी तुला विचारायला हवं होतं, मोठा अधिकारी समोर हवा का म्हणून. तसा तुझा हक्क होता. विचारलं नाही. म्हणून."

त्याने ते ऐकून घेतलं. मला वाटलं रडेल, किंवा पाया पडेल, आणि मी पाय बाकाखाली ओढून घेतले. तो साध्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पर सर, पुडी तर माझ्याच खिशात व्हती."

"हळू बोल," मी म्हणालो. बाई अजून खुर्चीवर होत्या.